फार्मबाबूंचा दोर

चांदा जिल्ह्यात आजवर जेवढी माणसं झाडावरून, मचाणावरून आणि घराच्या आढ्यावरून पडली असतील, त्या सगळ्यांनी मिळून जेवढं अंतर खाली कापलं असेल, तेवढं आमच्या शेजारच्या फार्मबाबूंनी एकट्यानं कापलं. आणि तेही बहुतेक वेळा पुरुषभर उंचीच्या वर न चढता. हे मी कौतुकानं लिहितो आहे. पडणं सगळ्यांनाच येतं. पण पडल्यावर उठून, धोतर झटकून, ज्या दगडानं आपल्याला फेकून दिलं त्याच दगडाला हात जोडून "तुमची काही चूक नाई, पाय मीच कुठीतरी ठेवला" असं सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दगडांशी ते नेहमी अहोजाहो बोलत. विचारलं तर म्हणत, "ज्याच्या अंगावर चढाचं, त्याले अरेतुरे कसं करू गा?"

सिंदेवाहीला धानाचा सरकारी फार्म आहे. तिथे ते कारकून होते, म्हणून फार्मबाबू. त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडला तर गावात कोणाला ठाऊक नसावं. खेड्यापाड्यांतून फिरून तिथल्या तिथल्या धानाचं बियाणं पुरचुंड्यांत बांधून आणायचं आणि फार्मवर द्यायचं, हे त्यांचं मुख्य काम. जन्म ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या बांध्यांतला. पायाखाली चिखल, डोळ्यांपुढे सपाट पाणी, यात उभं आयुष्य गेलेलं. उंच अशी वस्तू त्यांना मुळात पसंतच नव्हती. ते खाटेवर झोपत नसत. "खाटेवरून मानूस पडते. जमिनीवरून पडल्याचं मी आयकलं नाई," असं त्यांचं म्हणणं. नागपंचमीला मुलींनी झाडाला झोका बांधला की ते वाट बदलून फार्मवर जात. गाडीच्या डब्यात चढताना पायरीवर पाय ठेवून एकदा डोळे मिटत, आणि आत गेल्यावर उघडत. अशा माणसानं चाळिशी जवळ आली असताना खडक चढायला शिकायचं ठरवलं.

आमचं घर त्यांच्या घराला लागून. घर म्हणजे मी आणि माझी थोरली बहीण. आमचे वडील नागपूरला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. दिवसा लग्नपत्रिका आणि औषधांची लेबलं, आणि उरलेल्या वेळात स्वराज्याची, मजुरांची, जातिभेदाविरुद्धची पत्रकं. घरात पुस्तक नव्हतं, मी अक्षर ओळखायला लागलो ते "बंधूंनो, जागे व्हा!" या मथळ्यावरून. वडील गेले तेव्हा मी लहान होतो; पुढं पत्रकं लिहायचं त्यांचं वेड मात्र मला लागलं. ताईचं लग्न झालं होतं आणि वर्ष सरायच्या आत ते संपलंही होतं. तिनं पांढरं कपाळ घेऊन माहेरी येऊन रडत बसण्याऐवजी शिक्षिकेची परीक्षा दिली, सिंदेवाहीच्या मुलींच्या शाळेत नोकरी धरली आणि मला वाढवलं. वर्गात तिचा आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचा टांगेवालासुद्धा हातातली विडी लपवायचा. पण घरी ती फार कमी बोले.

तर या ताईवर फार्मबाबूंचा जीव होता. ही गोष्ट गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होती. ठाऊक नाही असं दाखवत होती ती फक्त दोन माणसं: एक ताई आणि दुसरे स्वतः बाबू. त्यांना विचारायचं होतं. विचारता येत नव्हतं. जात वेगळी, त्यात ताई विधवा. बाबूंना जातीचं काही वाटत नव्हतं आणि मला तर त्या विषयावर उभ्या उभ्या तासभर बोलता आलं असतं. पण "नाही" असं उत्तर आलं तर शेजारच्या दाराकडे पुन्हा बघायचं कसं, ही त्यांची भीती होती. खाटेवरून पडण्याच्या भीतीहून ती मोठी असावी. संध्याकाळी ते अंगणात यायचे, घसा खाकरायचे, ताई दारात यायची, आणि बाबू म्हणायचे, "बाई, चिमूटभर मीठ असन का?" आमच्या घरचं इतकं मीठ त्यांच्या घरी गेलं की त्यांच्या भाजीची मला काळजी वाटू लागली होती.

हिमालयाच्या सगळ्यात उंच शिखरावर माणसं पोचली ती बातमी नागपूरच्या वर्तमानपत्रातून आमच्याकडे आली तेव्हा बाबू आमच्या ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचत होते. ताई सुपात तांदूळ निवडत होती. मी ताबडतोब भाषण सुरू केलं. त्या साहेबांचं सामान कोणी वाहिलं, त्या हमालांची नावं कोणत्या रकान्यात आहेत, भुकेल्या देशाला शिखराचा काय उपयोग, वगैरे. माझा मुद्दा अजूनही मला बिनतोड वाटतो. पण मध्येच ताई सूप थांबवून म्हणाली, "इतक्या वर जाऊन मानसाले काय दिसत असन?" एवढंच. पुन्हा खडे वेचू लागली. बाबूंनी पेपरची घडी केली. त्या दिवशी ते मीठ न मागताच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फार्मच्या कुंपणाच्या भिंतीवरून पहिला धप्प असा आवाज आला.

पुढं ते कशावर चढले नाहीत हे सांगणं सोपं आहे. विहिरीचा कठडा, धानाच्या ढोल्या, पडक्या चुंगी नाक्याची भिंत, सगळं चढून झालं. रोवण्याच्या दिवसांत पावसानं सगळं निसरडं झालं तेव्हा स्वतःच्या घराच्या दाराची चौकट. त्यांना भेटायला गेलं की ते चौकटीत हातपाय ताणून अधांतरी असत आणि तिथूनच "या, बसा" म्हणत. पाऊस ओसरल्यावर ते तलावाच्या पाळीमागच्या काळ्या खडकांकडे वळले. तिथे हत्तीएवढे, म्हशीएवढे दगड एकमेकांना टेकून पडले आहेत. त्यांना शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी सगळी विद्या धानाच्या शेतातून आणि बाजारातून काढली. हात घामेजतात म्हणून ते कमरेच्या पिशवीत धानाच्या तुसाची राख ठेवत आणि दर थोड्या वेळानं तळव्यांना चोळत. पकडण्याआधी प्रत्येक उंचवटा बोटाच्या पेरानं ठोकून ऐकत, बाजारात बाई मडकं ठोकून पाहते तसा. आवाज पोकळ आला की, "हे कच्चं हाय," म्हणून दुसरा शोधत. पायात त्यांनी आधी कॅनव्हासचे बूट घातले, मग ते सोडून दिले. बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, लहानपणापासून चालल्यामुळे त्यांच्या पायांची बोटं माकडासारखी पकड घेत. बुटांत ती बिचारी आंधळी होत असत. एक दिवस फार मोठा शोध लागल्यासारखे धावत येऊन ते मला म्हणाले, "लेखका, हे काही नवीन नाई. धुरा उभा करून ठेवला का खडक होते! तोल पायावर ठेवाचा, हात फक्त वळखीपुरता."

हा शोध लागला त्याच आठवड्यात त्यांनी दोराचा प्रयोग केला. चढणाऱ्यानं कमरेला दोर बांधावा, एवढं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. फार्मवरचा मोटेचा जुना नाडा आणला, हत्तीएवढ्या दगडाच्या माथ्यावरच्या पळसाला त्याचं एक टोक बांधलं आणि दुसरं कमरेला. आता, आमच्या झाडीपट्टीत कोणालाही दोर बांधायला सांगा, त्याचा हात आपोआप बैल बांधायची गाठ मारतो. ती गाठ फार शहाणी असते. गोठ्याला आग लागली तर दोराच्या शेपटाला एक झटका द्यायचा, बैल मोकळा. बाबूंनी कमरेला तीच गाठ मारली. अर्ध्यावर गेल्यावर त्यांचा पाय निसटला, दोराला झटका बसला, आणि आग लागलेल्या गोठ्यातल्या बैलासारखे बाबू मोकळे झाले. खाली सुदैवानं तलावाचा गाळ होता. कमरेइतके रुतलेले बाबू दोराकडे पाहत म्हणाले, "गाठीनं तिचं काम केलं."

प्रत्येक पडण्यानंतर ते आमच्या दारात येत आणि ताई वाटीत हळद-चुना कालवून आणे. मी घरात असलो तर मी लावायचो, नसलो तर ती. गल्लीचं असं मत झालं की बाबू चढण्यासाठी पडत नसून हळदीसाठी पडतात. गाळातून आले त्या दिवशी मात्र त्यांचा खांदा चांगलाच सोलला होता, मी बाहेर होतो, आणि ताई ओट्यावर हळद लावत होती. समोरची तेलीणबाई घागर घेऊन थांबली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "थोडी थोडी कायले लावून राह्यली व बाई? एकडाव पुरीच लावून टाक ना!"

तिच्या मनात वाईट नव्हतं. पण ताईचा हात थांबला. तिनं वाटी खाली ठेवली आणि आत गेली. दुसऱ्या वेळी बाबू आले तेव्हा वाटी उंबऱ्यावर ठेवलेली होती. हळद ज्याची त्यानं लावून घ्यायची होती. बाबूंनी ती वाटी पाहिली, उचलली नाही, आणि परत गेले. त्यानंतर ते आमच्या अंगणात आले नाहीत. मीठही संपायचं बंद झालं. मी तेलीणबाईशी, गल्लीशी आणि एकूण समाजरचनेशी भांडायला निघालो होतो, ताईनं हाताला धरून बसवलं. "तू लिही," ती म्हणाली. "भांडू नोको. मले इथी शिकवाचं हाय."

पूर्ण हिवाळा असा गेला. बाबू चढतच होते; पण आता मुक्यानं. कोपरं सोललेली दिसत, सदऱ्याच्या बाह्या खाली ओढलेल्या असत. मी तलावाकडे जाऊन बसायचो, कारण त्यांना कोणीतरी पाहणारं हवं असे. त्यांना पडणं जवळजवळ विसरल्यासारखं झालं होतं. दगडाला चिकटून सरपटणारा तो माणूस आता दगडापासून छाती दूर ठेवून, पायाच्या बोटांवर उभा राहून, सावकाश वर जायचा. माथ्यावर पोचला की तिथून आमच्या घराचं कवेलूचं छप्पर दिसे. त्याकडे तो मुद्दाम पाठ करून बसायचा. एकदा मी न राहवून म्हटलं, "बाबूजी, विचारून टाका." ते बराच वेळ राख चोळत राहिले. मग म्हणाले, "त्यायनं वाटी उंबऱ्यावर ठेवली ना गा. मानसाले आनखी किती स्पष्ट सांगाचं?"

चैत्रात त्यांना बियाण्याच्या कामावर कुरखेड्यापलीकडच्या गावांना जायचं होतं. तिथल्या एका जंगलातल्या गावात रैनू नावाचा त्यांचा दोस्त होता. रैनू धान पेरायचा, मोह वेचायचा आणि उन्हाळ्यात कड्यावरच्या आग्या मोहोळाचा मध काढायचा. आणि त्या सगळ्याविषयी पोटभर फुशारक्या मारायचा. त्याच्या कड्यावरचं एक मोहोळ यंदा उठून गेलं होतं, माश्या नव्हत्या, आणि तो कडा बाबूंना चढायचा होता. "लेखका, तू चाल संगं," बाबू म्हणाले, आणि मग जमिनीकडे बघत, "बाईंले सुट्टी असन त... नाई, राहू दे." मी घरी येऊन तेवढंच सांगितलं. ताई म्हणाली, "मी कायले येऊ?" निघायच्या दिवशी मी उठलो तेव्हा तिनं आंघोळ करून शिदोरी बांधली होती.

गाडीनं वडसा, वडशाहून मोटारीनं कुरखेडा, आणि तिथून फार्मच्या कामाला ठरवलेली बैलगाडी. या सगळ्या प्रवासात ताई आणि बाबू एकमेकांशी एकूण जे बोलले ते असं: "पाणी?" "नोको." मी मात्र जंगलखात्याच्या जुलमांविषयी अखंड बोलत होतो. कोणीतरी बोलायलाच हवं होतं.

कडा दोन ताडांएवढा उंच होता. पिवळसर, मध्ये काळे ओघळ, आणि वरच्या बाजूला उठून गेलेल्या मोहोळाच्या मेणाचा डाग. रैनू, त्याची बायको आणि तिचा भाऊ आमच्या आधी येऊन बसले होते. वेलीच्या वाखाचा वळलेला जाड दोर कड्याच्या माथ्यावरून खाली सोडलेला होता. बाबूंनी खडकाला हात जोडले, राख चोळली आणि दोर कमरेला बांधू लागले. ती बैलाची गाठ पाहून रैनू एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग त्यानं ती सोडून आपली गाठ मारली आणि विचारलं, "तुह्या साळा कुठी हाय? बायकोचा भाऊ?"

"साळा?" बाबू म्हणाले. "मले कुठला साळा? माह्यं लगन कुठी झालं?"

रैनूनं मारलेली गाठ पुन्हा सोडायला सुरुवात केली. "मंग नाई जमत. दोर साळाच धरते."

"तुह्या साळा धरन ना गा आज माह्यासाठी."

"तो माह्या साळा हाय, तुह्या कसा होईन?"

अंधश्रद्धेविरुद्ध एक संपूर्ण पत्रक माझ्या जिभेवर तयार होतं. मी पुढे होऊन म्हटलं, "भाऊ, दोर कोणीही धरला तरी दोरच ना? त्यात देवाधर्माचा काय संबंध?"

"देव कुठी आला यात?" रैनू म्हणाला. "पाह्य. भाऊ धरन त त्याले वाटन, हा पडला का जमिनीत माह्या वाटा वाढते. दोस्त धरन त हाताले माशी डसली का सोडते. साळा सोडत नाई. हात तुटला तरी नाई सोडत. सोडला त त्याच्या बहिनीचं कुंकू जाते."

मी माझं पत्रक आवरतं घेतलं. आमच्या पत्रकांत असतो तसा हा हितसंबंधांचा सरळ विचार होता. पण शेवटचं वाक्य हवेतच राहिलं. ताई तिथेच उभी होती, उघड्या कपाळानं. रैनूच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्यात बाई दुसरं घर करते, त्यात कोणाला विशेष वाटत नाही. आमच्या तिघांच्या मात्र लक्षात आलं होतं. बाबूंचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. त्यांनी दोराचं टोक घट्ट धरलं, आणि माझ्याकडे न बघता माझ्याकडे बोट केलं.

"हा," ते म्हणाले. आवाज फुटेना म्हणून पुन्हा म्हणाले, "हा माह्या साळा हाय."

मीठ मागत ज्या वाक्यासाठी इतक्या संध्याकाळी गेल्या होत्या ते वाक्य बाबूंनी असं आडवळणानं, परक्या गावात, एका दोराच्या निमित्तानं उच्चारलं होतं. आता ते मागे घेता येत नव्हतं. रैनू माझ्याकडे पाहून "मंग आधी काऊन नाई सांगत?" म्हणाला आणि पुन्हा गाठ मारू लागला. त्याची बायको मात्र बाई होती. तिनं बाबूंकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि कड्यासमोरच्या एका सपाट दगडावरचा पाचोळा पदरानं झाडला.

"चढनाऱ्याची बाई इथी बसते," ती कोणाकडेही न बघता म्हणाली. "तो उतरेपर्यंत बोलत नाई, हालत नाई. बसाचं असन त बसाचं. नाई त दोर सोडून घेऊ, काही बिघडत नाई. मध खाऊ अन् घरी जाऊ."

बाबू खडकाकडे तोंड करून उभे होते. ताईला मी खूप ओळखतो असं मला वाटत होतं. पण त्या क्षणी ती काय करील हे मला सांगता आलं नसतं. जातिभेदावर आणि विधवांच्या हक्कांवर मी इतकं लिहिलं होतं, आणि एवढं एक वाक्य तिला विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. हातातली शिदोरी तिनं माझ्याकडे दिली, पायांतल्या चपला काढल्या, आणि जाऊन त्या दगडावर बसली.

"दोर नीट धर," तिनं मला एवढंच सांगितलं, आणि ओठ मिटले.

मागच्या वाटेनं मी माथ्यावर गेलो. रैनूच्या साळ्यानं झाडाच्या बुंध्याला दोराचा एक फेरा घेऊन मला बसवलं, माझे पाय एका खडकाला टेकवले, आणि स्वतः हात बांधून शेजारी उभा राहिला. त्यानं दोराला बोटसुद्धा लावलं नाही. तो माझा हक्क होता. दोर ताठ झाला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माणसाला वजन असतं. आजवर मी माणसांविषयी बोललो होतो, त्यांची बाजू घेतली होती. पण एक अख्खा माणूस असा दोन तळव्यांत कधी आला नव्हता.

बाबू छान चढत होते. टक्, टक्, ते खडक ठोकत. मग थोडा दोर सैल होई. मी तो ओढून घेई. मोहोळाच्या काळ्या ओघळापाशी आल्यावर टक् असा आवाज आला, आणि मग दुसरा, तिसरा, आणि दोर हलायचा थांबला. तिथे जुन्या मेणामुळे खडक गुळगुळीत होता. खालून रैनू ओरडला, "बाबू, हाताकडे नोको पाहू! पायाले विचार!" मी वाकून पाहिलं. बाबूंचा एक पाय थरथरत होता. आणि खाली, त्या दगडावर, वर्गातल्या मुलींना नुसत्या एका हाकेनं जागच्या जागी उभं करणारी माझी बहीण पदराचं टोक मुठीत धरून गप्प बसली होती. तिला ओरडायचं होतं. तिच्या मानेवरून मला ते दिसत होतं. ती हलली नाही. बाबूंनी एक हात सोडला, पिशवीत घातला, राख घेतली. इतक्या सावकाश, जणू घरच्या ओट्यावरच बसले आहेत. मग ते त्या खडकाशी काहीतरी बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही. पण अदबीनंच बोलले असणार. मग डावीकडे टक् असा भरीव आवाज आला, आणि दोर सैल झाला.

माथ्यावर हात टेकून ते वर आले तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. आमच्याखाली मैलोगणती जंगल पसरलं होतं, मोहाची नवी तांबूस पालवी, लांब कुठं नदीची चमक. बाबूंनी त्यातलं काही पाहिलं नाही. पालथे पडून त्यांनी मला विचारलं, "बसल्या हायेत का?"

"कोण?"

"लेखका, जीव नोको खाऊ. खाली पाह्य."

मी पाहिलं. "बसली आहे."

"हालल्या नाई?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. "मंग मी इथीच थोडा थांबतो."

"का? दमलात?"

"नाई गा." ते हळूच म्हणाले. "खाली उतरलो का त्या उठतीन."

ते तसेच राहिले. रैनू खालून हाका मारून थकला. "बाबू, उतर ना गा! वर घर बांधून राह्यला का?" रैनूचा साळा माझ्याकडे बघून हसला, मलाही हसू आलं. चढायला शिकायला त्यांना इतके महिने लागले होते, आणि आता त्यांना उतरायचं नव्हतं. जोवर ते वर होते तोवर ती त्यांची होती. नियमच तसा होता. बऱ्याच वेळानं ते कोपरांवर सरकत कड्याच्या काठाशी गेले आणि खाली डोकावले. उंचीला भिणारा तो माणूस कितीतरी वेळ तसा खाली पाहत राहिला. मग एकदम उठला.

"ऊन आलं त्यायच्यावर," ते म्हणाले. "धर दोर."

झाडाची सावली दगडावरून सरकली होती, आणि ताई चैत्राच्या उन्हात तशीच बसून होती. बाबू ज्या वेगानं उतरले तसा वेग मी पुन्हा कधी पाहिला नाही. मी धावत मागच्या वाटेनं खाली आलो तेव्हा ते तिच्यापासून चार हातांवर उभे होते, हात मागे लपवून. रैनूची बायको म्हणाली, "ऊठ आता बाई, उतरला तुह्या."

ताई उठली नाही. ती थोडी बाजूला सरकली. बाबूंना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते त्या दगडाच्या अगदी कडेला, अर्धे हवेत, असे बसले. मग ताई बोलली.

"सोलले का हात?"

"थोडेसे."

"दाखवा."

त्यांनी हात पुढे केले. तिनं तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. राख आणि रक्त धुऊन निघालं. तिनं ते हात लगेच सोडले नाहीत. सगळ्यांच्या देखत.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. चांद्याला नोंदणी करून लग्न झालं. ज्यांना बोलायचं होतं ते बोलले, ज्यांना आमच्याकडे येणं सोडायचं होतं त्यांनी सोडलं. तेलीणबाई मात्र वाटीभर हळद घेऊन आली आणि रडली. वर्षभरात बाबूंनी बदली मागून घेतली, ताईनंही तिकडची शाळा मिळवली, आणि आता दोघं अहेरीला असतात. मी इथेच आहे.

पण मला आठवतो तो परतीचा रस्ता. कुरखेड्याकडे बैलगाडी निघाली तेव्हा दिवस कलला होता. ताई आणि बाबू गाडीत बसले, मध्ये रैनूनं दिलेलं मधाचं मडकं. मी पुढे गाडीवानाजवळ बसावं असं ताईनं दोनदा सांगितलं. गाडीत जागा होती. मी म्हटलं, पाय मोकळे करतो. ते काही बोलत नव्हते, निदान मला ऐकू येईल असं नाही. नुसती बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती. वळणावर ताईनं एकदा मागे वळून पाहिलं, मी येतो आहे की नाही ते. मी हात केला. मग ती पुन्हा समोर पाहू लागली, आणि मी मुद्दामच थोडा आणखी मागे राहिलो.